दोन ग्रंथ व तारांकित आकाश : संत इग्नेशियस लोयोला यांचें अल्पचरित्र

संतांच्या चरित्रांत जो प्रसंग अधिक चमत्कारिक तोच लोकांच्या ध्यानीं राहतो, आणि ज्या साध्या गोष्टींनीं त्या संताचें अंतःकरण खरोखर पालटलें त्या मागें पडतात. संत इग्नेशियस लोयोला यांचें नांव काढतांच आपल्या धर्मग्रामांतील लहान मुलेंहि तोफेच्या गोळ्याची गोष्ट सांगतील. गोळा लागला, पाय मोडला व शिपायाचा संत झाला, इतक्यांत त्यांचें चरित्र आटोपतें. परंतु तोफेच्या गोळ्यानें हाड मोडतें. मन पालटण्याचें सामर्थ्य त्यांत नसतें. त्या लढाईंत आणखीहि कित्येकांचे हातपाय मोडले असतील. ते सर्व कांहीं संत झाले नाहींत. इग्नेशियस यांचें मन पालटलें तें गोळा लागल्यानंतरच्या कांहीं महिन्यांत, अंथरुणावर पडल्या पडल्या, नाइलाजानें हातीं घेतलेल्या दोन पुस्तकांनीं आणि रात्रींच्या आकाशानें. म्हणून महोत्सवाच्या या स्मरणिकेंत त्यांच्या चरित्राचा तोच भाग विस्तारानें सांगावा व बाकीचा थोडक्यांत उरकावा, असें आम्हीं योजिलें आहे.

स्पेन देशाच्या उत्तरेस बास्क लोकांचा डोंगराळ प्रांत आहे. तेथें आस्पेइतिया गांवाजवळ, उरोला नदीच्या खोऱ्यांत, लोयोला घराण्याची गढी होती व ती आजहि उभी आहे. तिचा खालचा भाग जाड दगडी भिंतींचा असून वरचा भाग विटांचा आहे. त्या प्रांतांतील घराणीं एकमेकांशीं सतत लढत असत, म्हणून राजाज्ञेनें गढीचे वरचे मजले पाडण्यांत आले व मागाहून ते विटांनीं बांधले गेले. अशा भांडखोर कुळांत इ. स. १४९१ च्या सुमारास इनिगो जन्मास आला. तेरा भावंडांत तो सर्वांत धाकटा, असें मानतात. आईचें छत्र लवकर हरपलें. एका लोहाराच्या पत्नीनें त्याला अंगावर पाजून वाढविलें. पुढें वयांत येण्याच्या सुमारास त्याची रवानगी आरेवालो येथें राजाच्या खजिनदाराच्या वाड्यावर झाली.

तेथें तो घोड्यावर बसणें, तलवार चालविणें, नाचगाणें आणि दरबारी चालचलणूक शिकला. त्याचें हस्ताक्षर फार सुंदर होतें. त्याच काळीं त्याला वाचनाची गोडीहि लागली. पण तें वाचन कोणतें? शूर सरदार, राक्षस, संकटांत सांपडलेल्या राजकन्या आणि अशक्य कोटींतले पराक्रम यांनीं भरलेल्या अद्भुत कादंबऱ्यांचें. अमादिस नांवाच्या कल्पित वीराची कथा त्या वेळीं स्पेनमध्यें घरोघर वाचली जात असे. इनिगोच्या डोक्यांत ती अशी कांहीं भिनली कीं आपणहि दुसरे अमादिस व्हावें यापलीकडे त्याला दुसरें ध्येय दिसेना. वाचनाची सरसकट स्तुति करणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. ज्या सवयीनें पुढें त्याला तारलें, त्याच सवयीनें आधीं त्याला भुलविलें होतें.

इ. स. १५१७ नंतर तो नाव्हारच्या राजप्रतिनिधीच्या पदरीं राहिला. इ. स. १५२१ त फ्रेंच सैन्य पांप्लोना शहरावर चालून आलें. शत्रूचें बळ पाहून किल्ल्यांतील इतर अंमलदार शरण जाण्यास तयार झाले होते. एकट्या इनिगोनें हट्ट धरून त्यांना लढावयास लाविलें. धर्मगुरु जवळ नव्हता, म्हणून त्यानें एका सोबत्यापाशींच आपल्या पापांचा उच्चार केला. मे महिन्याच्या २० तारखेस तोफेचा गोळा त्याच्या दोन्ही पायांमधून गेला. उजवा पाय मोडला, डावा जखमी झाला. तो पडतांच किल्लाहि पडला. फ्रेंचांनीं त्याला दयेनें वागविलें, औषधोपचार केला आणि डोलींत घालून त्याच्या घरीं पोंचविलें.

घरीं आल्यावर शस्त्रवैद्यांनीं पाहिलें तों हाड वांकडें सांधलें होतें. तें पुनः मोडून बसविण्यांत आलें. त्या काळीं भूल देण्याची विद्या नव्हती. इनिगोनें मुठी आवळल्या, तोंडांतून शब्द काढला नाहीं. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या आदल्या दिवशीं तो मरणाच्या दारीं होता; त्या रात्रींपासून मात्र त्याला उतार पडूं लागला. हाड जुळलें, परंतु गुडघ्याखालीं एक टेंगूळ राहिलें व पाय आंखूड झाला. आतां दरबारांतले तंग बूट कसे घालावयाचे? तेवढ्यासाठीं त्यानें तें हाड जिवंतपणीं कापून घेतलें. पूर्वींच्या सर्व यातनांहून ही यातना अधिक होईल, असें वैद्यांनीं सांगितलें असतांहि त्यानें ती पत्करली. नंतर पाय लांब व्हावा म्हणून यंत्रानें ताणून ठेवण्यांत आला. इतकें सोसूनहि तो जन्मभर थोडा लंगडतच राहिला. हें शौर्य होतें यांत संशय नाहीं. पण तें बुटासाठीं होतें, हें वाचतांना आम्हांस हंसूं येतें आणि लगेच लाजहि वाटते. आपणहि कशाकशासाठीं काय काय सोसतों!

प्रकृति सुधारली, तरी पायावर उभें राहतां येईना. वेळ जाईना म्हणून त्यानें आपल्या आवडीच्या कादंबऱ्या मागितल्या. सबंध गढींत तसली एकहि कादंबरी सांपडली नाहीं. वडील बंधूची पत्नी मग्दालेना ही घरची कर्ती स्त्री होती. तरुणपणीं ती राणी इसाबेलाच्या सेवेंत होती. या वहिनीच्या घरांत दोनच ग्रंथ होते : सॅक्सनीचे लुदोल्फ या मठवासी पुरुषानें लिहिलेलें ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक संग्रह, दोन्ही स्पॅनिश भाषेंत उतरविलेले. इनिगोला ते नको होते. परंतु आजाऱ्याला निवड करण्याची सोय नसते.

प्रथम तो कंटाळून पानें उलटीत असे व मध्येंच पुस्तक मिटून मनोराज्यांत रमत असे. एका मोठ्या घराण्यांतील स्त्रीविषयीं त्याला ओढ होती. तिच्याकडे कसें जावें, तिच्याशीं काय बोलावें, तिच्यासाठीं कोणतें शौर्य गाजवावें, अशा विचारांत त्याचे तीन तीन, चार चार तास निघून जात. मग पुनः पुस्तक हातीं येई. संत फ्रान्सिस यांनीं असें केलें, संत दोमिनिक यांनीं तसें केलें, हें वाचून त्याच्या मनांत येई कीं हें मलाहि केलें पाहिजे. विचार धार्मिक असला तरी सांचा तोच जुना, पैज लावण्याचा! ते उपास करीत तर मी अधिक करीन, ते अनवाणी चालले तर मीहि यरुशलेमपर्यंत अनवाणी जाईन. एकदम कोणी साधु होत नसतो.

कित्येक दिवस असेंच चाललें. त्याच्या मनोराज्याचे दोन प्रवाह होते आणि दोन्ही गोडच वाटत. पण एके दिवशीं त्याच्या ध्यानांत एक भेद आला. त्या स्त्रीचे व पराक्रमाचे विचार चालू असतांना आनंद होई, पण ते सरल्यावर मन कोरडें व उदास पडे. उलट, संतांच्या मार्गानें जाण्याचे विचार सरल्यावरहि मनांत समाधान टिकून राही. हा भेद दिसल्यावर त्याला फार आश्चर्य वाटलें. आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतील खरी घटना हीच. येथें दृष्टान्त नाहीं, आकाशवाणी नाहीं. एक लंगडा मनुष्य पुस्तक बाजूस ठेवून आपल्या मनाची चव घेत आहे, इतकेंच. पुढें अंतःकरणांतील प्रेरणांची पारख करण्याचे जे नियम त्यांनीं जगाला दिले, त्यांचें मूळ या अंथरुणावर आहे.

मग वाचन निराळ्या रीतीनें होऊं लागलें. त्यानें चांगल्या कागदाची वही आंखून घेतली व त्या दोन ग्रंथांतील महत्त्वाचे भाग आपल्या सुंदर अक्षरांत उतरून काढूं लागला. प्रभु येशूचे शब्द तांबड्या शाईनें आणि पवित्र मरीयेचे शब्द निळ्या शाईनें तो लिहीत असे. अशीं सुमारें ३०० पानें त्यानें भरलीं. ती वही आज उरलेली नाहीं. उरलेला वेळ प्रार्थनेंत जाई, आणि रात्रीं तो आकाश व तारे पाहत बसे. पुष्कळ वेळां पाही व फार वेळ पाही. त्या काळांत आपल्याला सर्वांत मोठें सांत्वन यापासूनच मिळालें, असें त्यांनीं म्हातारपणीं सांगितलें आहे; कारण तारे पाहतांना प्रभूची सेवा करण्याची उत्कंठा त्यांना फार तीव्रतेनें वाटत असे. पुस्तकानें त्याला दूर गेलेल्या माणसांचीं जीवनें दाखविलीं. आकाशानें त्याला त्याचा स्वतःचा आकार दाखविला. दरबारांतील मानमरातब त्या तारांगणाखालीं किती लहान दिसला असेल!

इ. स. १५२२ च्या आरंभीं भावाचा विरोध न जुमानतां तो घर सोडून निघाला. वाटेंत एक मूर मनुष्य भेटला व पवित्र मरीयेच्या कौमार्याविषयीं वाद करून पुढें गेला. त्याला गांठून खंजीर खुपसावा कीं काय, हें इनिगोला ठरवितां येईना, तेव्हां त्यानें खेंचराचा लगाम सैल सोडला व निर्णय खेंचरावर सोंपविला. खेंचर दुसऱ्या वाटेनें गेलें, हें सर्वांचेंच भाग्य. माँत्सेर्रात म्हणजे करवतीसारख्या दांत्यांचा पर्वत. त्याच्या उंच, उघड्या सुळक्यांच्या कुशींत बेनेदिक्तिन मठवाशांचें देवालय आहे. तेथें तीन दिवस घेऊन त्यानें सबंध आयुष्याचें पापनिवेदन केलें. मार्चच्या २४ तारखेच्या रात्रीं आपलीं उंची वस्त्रें एका भिकाऱ्यास देऊन, गोणपाटाचा झगा घालून, तलवार व खंजीर पवित्र मरीयेच्या वेदीपाशीं ठेवून तो कधीं उभा तर कधीं गुडघे टेंकून पहांटेपर्यंत जागला. कादंबऱ्यांतील वीर शस्त्रदीक्षेपूर्वीं असेंच जागरण करीत. जुनें वाचन असें शेवटीं वेदीपाशीं आलें.

आतांपर्यंत आम्हीं त्याला एकेरी संबोधिलें. डोंगर उतरून चाललेल्या त्या यात्रेकरूस यापुढें तसें म्हणवत नाहीं.

जवळच्या मानरेसा गांवीं कांहीं दिवस राहावें अशा हेतूनें ते गेले आणि जवळ जवळ अकरा महिने राहिले. प्रथम शांति होती; मग भयंकर काळोख आला. केलेलें पापनिवेदन पुरें झालें नाहीं, कांहीं तरी राहिलें, या शंकेनें त्यांना ग्रासलें. पुनः पुनः सांगितलें तरी शंका सरेना. ते राहत असलेल्या खोलींत एक मोठें भोंक होतें. त्यांतून उडी टाकून जीव द्यावा, असें अनेकदां मनांत येई, आणि मग ते ओरडून देवाची क्षमा मागत. आठ दिवस त्यांनीं अन्नपाणी वर्ज्य केलें. शेवटीं धर्मगुरूंनीं आज्ञा केली म्हणून जेवले. ज्याला तारे पाहून सांत्वन मिळत होतें त्याच मनुष्याची ही स्थिति झाली, हें मुद्दाम सांगावेसें वाटतें. ज्यांना असा काळोख ठाऊक आहे त्यांना, डोंगरावर जा, नदीवर जा, म्हणजे बरें वाटेल, असें हंसत हंसत सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. इग्नेशियस यांच्या हातांतील दोरी तुटली नाहीं ती आज्ञापालनामुळें. आणि पुढें एके दिवशीं ती शंका देवाच्या दयेनें झोपेंतून जागें व्हावें तशी गळून पडली.

मानरेसाच्या दिवसांतच दुसरी एक गोष्ट घडत असे. भर दिवसां त्यांना हवेंत एक अतिशय सुंदर वस्तु दिसे. आकार सर्पासारखा, डोळ्यांसारखें कांहीं तरी तिच्यावर सर्वत्र चमके. ती पाहतांना आनंद होई व ती नाहींशी होतांच मन खट्टू होई.

मग तो कार्दोनेर नदीचा दिवस उजाडला. गांवाबाहेर सुमारें मैलभरावर असलेल्या संत पौलाच्या मंदिराकडे ते निघाले होते. वाट नदीच्या कांठानें उंचावरून जात होती. थोडें बसावें म्हणून ते नदीकडे तोंड करून बसले. खालीं खोल पाणी वाहत होतें. बसल्या ठिकाणीं त्यांच्या बुद्धीचे डोळे उघडले. कांहीं मूर्ति दिसली असें नव्हे. पण श्रद्धेच्या व विद्येच्या कितीएक गोष्टी एकदम समजल्या, आणि सर्व कांहीं नवें दिसूं लागलें. साठी उलटल्यावर मागें वळून पाहतांना त्यांनीं सांगितलें कीं जन्मभर देवाकडून जें जें मिळालें व स्वतः जें जें शिकलों तें सर्व एकत्र केलें तरी त्या एका वेळेची बरोबरी होणार नाहीं. तेथून उठून ते जवळच्या क्रुसापुढें आभार मानण्यास गुडघे टेंकून बसले. तोंच ती सुंदर वस्तु पुनः दिसली. परंतु क्रुसासमोर तिचा तो मनोहर रंग नव्हता. ही सैतानाची माया आहे, हें त्यांना तत्काळ उमगलें. अंथरुणावर शिकलेली चव येथें कामास आली. सुंदर म्हणून सर्वच देवाचें नव्हे.

याच गांवीं ख्रिस्ताच्या अनुकरणावरील तें लहानसें सुप्रसिद्ध पुस्तक त्यांच्या हातीं पडलें व तें त्यांनीं मरेपर्यंत सोडलें नाहीं. ग्रंथ फार वाचावे, असें त्यांचें कधींच मत नव्हतें. थोडें वाचावें आणि तें आंत मुरवावें, हें त्यांचें मत.

इ. स. १५२३ च्या सप्टेंबरांत ते यरुशलेमास पोंचले. जें लुदोल्फच्या ग्रंथांत वाचलें तें डोळ्यांनीं पाहावें, ही त्यांची भूक होती. तेथेंच कायमचें राहावें असा त्यांचा बेत होता, पण फ्रान्सिस्कन वडिलांनीं परवानगी नाकारली. निघण्यापूर्वीं ते कोणास न सांगतां एकटे जैतून पर्वतावर गेले. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या जागीं एका शिळेवर पावलांचे ठसे दाखवितात. पहारेकऱ्यांस लेखणी करण्याचा चाकू देऊन ते आंत शिरले. परत फिरल्यावर आठवलें कीं उजवें पाऊल कोणत्या दिशेस व डावें कोणत्या, हें नीट पाहिलेंच नाहीं. पुनः गेले व या वेळीं कातरी दिली. शोधावयास आलेल्या मठाच्या नोकरानें त्यांना दंडास धरून खालीं आणलें.

एवढ्याशा गोष्टीसाठीं एवढा आटापिटा कां, असें कोणी म्हणेल. पण त्यांच्या आध्यात्मिक साधनेचा ग्रंथ, जो इ. स. १५४८ त छापला गेला, तो ज्यांनीं केला आहे त्यांना याचें उत्तर ठाऊक आहे. ध्यानास बसण्यापूर्वीं ती जागा मनश्चक्षूंनीं पाहावी, असें ते सांगतात. नाझरेथहून बेथलेहेमास जाणारी वाट केवढी लांब, केवढी रुंद. सपाट कीं चढउताराची. जन्माची गुहा उंच कीं ठेंगणी. म्हणजे वाचलेल्या शब्दांत जमीन, डोंगर व वाट घालून वाचावें. त्याच ग्रंथाच्या शेवटीं, झाडांत, प्राण्यांत, सर्व सृष्टींत देव कसा वास करितो व कार्य करितो, हें पाहावयास त्यांनीं सांगितलें आहे.

मधलीं वर्षें आम्ही भरभर ओलांडतों. तेहतिसाव्या वर्षीं ते बार्सेलोनास लहान मुलांबरोबर लॅटिनचें व्याकरण घोकीत बसले. पाठ करावयास घेतलें कीं सुंदर भक्तिमय विचार गर्दी करीत. प्रार्थनेच्या वेळीं न येणारे विचार व्याकरणाच्याच वेळीं येतात हें पाहून त्यांनीं ती भुरळ ओळखली, व गुरुजींना वचन दिलें कीं दोन वर्षें एकहि पाठ चुकविणार नाहीं. आमच्या शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं हा प्रसंग अवश्य वाचावा. आल्काला व सालामांका येथें संशयावरून तुरुंगवास झाला. इ. स. १५२८ त ते पॅरिसला गेले; इग्नेशियस हें नांव त्यांनीं तेथील वास्तव्यांत धारण केलें. इ. स. १५३४ च्या ऑगस्टच्या १५ तारखेस मोंमार्त्र टेंकडीवर सहा सोबत्यांसह त्यांनीं व्रत घेतलें, आणि इ. स. १५४० च्या सप्टेंबरच्या २७ तारखेस पोप पॉल तिसरे यांनीं येशूसंघास मान्यता दिली.

त्या सहा सोबत्यांपैकीं एक, संत फ्रान्सिस झेवियर, इ. स. १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरले व पुढें वसईसहि येऊन गेले. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचें बालपण येशूसंघाच्या वडिलांच्या छायेखालीं गेलें. त्याच संघाचे इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ त गोव्यास आले. त्यांनीं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचिली आणि ती इ. स. १६१६ त रायतूर येथें छापली गेली. ख्रिस्तचरित्राचा एक ग्रंथ आजारी शिपायानें नाइलाजानें हातीं घेतला होता. त्याच्याच संघांतील एका माणसानें तें चरित्र आपल्या पूर्वजांच्या भाषेंत आणून दिलें.

इग्नेशियस स्वतः मात्र रोम सोडून फारसे कोठें गेले नाहींत. शेवटचीं सुमारें पंधरा वर्षें संघाचे प्रमुख म्हणून ते लहान, ठेंगण्या खोल्यांत बसून पत्रें लिहीत. सुमारें ७,००० पत्रें आज उपलब्ध आहेत. पोटाचें दुखणें सतत मागें होतें. पर्वत नाहीं, नदी नाहीं, उरोलाचें खोरें नाहीं. मुलगा असतांना त्यांच्या घरीं येऊन राहिलेले फादर रिबादेनेइरा लिहितात कीं एखादें रोपटें, पान, फूल किंवा किडा पाहूनहि त्यांचें मन वर जात असे. आणि रात्रीं ते गच्चीवर जात. टोपी काढून बराच वेळ आकाशाकडे पाहत स्तब्ध उभे राहत. मग गुडघे टेंकून नमस्कार करीत. मग अंग अशक्त म्हणून बांकावर बसत, आणि डोळ्यांतून आसवें इतक्या हळू गळत कीं हुंदका ऐकूं येत नसे.

आपली हकीकत सांगण्याचा आग्रह सोबत्यांनीं फार केला, तेव्हां इ. स. १५५३ पासून १५५५ पर्यंत मधून मधून त्यांनीं ती फादर गोन्साल्व्हिस द कामारा यांना सांगितली. त्यांत ते स्वतःला मी म्हणत नाहींत, यात्रेकरू म्हणतात. गढींतील दोन ग्रंथ, तांबडी-निळी शाई, तारे व नदी हें सर्व आपणांस त्यामुळेंच कळलें.

इ. स. १५५६ च्या जुलैच्या ३० तारखेस त्यांनीं आपले चिटणीस फादर पोलांको यांस बोलावून सांगितलें कीं पोपमहाराजांकडे जाऊन माझ्यासाठीं आशीर्वाद मागा. पोलांको यांच्यापुढें स्पेनला जाणाऱ्या टपालाचा ढीग होता. वैद्यांनाहि कांहीं विशेष दिसत नव्हतें. उद्यां गेलों तर चालेल काय, असें त्यांनीं विचारलें. आज गेलांत तर बरें, पण तुमच्या सोयीनें करा, अशा अर्थाचें उत्तर देऊन इग्नेशियस स्वस्थ पडून राहिले. पत्रें पुरीं झालीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे पोलांको धांवत निघाले; ते परत येईतों खोलींत दोन धर्मबंधु होते आणि यात्रेकरू निघून गेले होते.